तीन किलोवॉट सोलर आणि बॅटरी : नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या गच्चीचा वर्षभराचा अनुभव

मी घरातच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, आणि लग्नसराईत आरी वर्कचे ब्लाउज. खाली समोरच्या खोलीत दोन मोटरच्या मशीन, एक ओव्हरलॉक आणि एक जड इस्त्री. लाइट गेली की माझं दुकान बंद. घरी सोलर आलं त्याचं खरं कारण हे. बिल महिन्याला अडीचशे युनिटांच्या आसपास, म्हणजे पावणेतीन हजारांपर्यंत जायचं, पण ते दुसरं कारण.

पहिली गोष्ट आधीच सांगते, कारण निम्म्या ओळखीच्यांना ती माहीत नसते. आम्हालाही नव्हती. नुसते पॅनल आणि साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, बाहेरच्या लाइनला जोडलेला डबा) लावला, तर महावितरणची लाइट गेल्याबरोबर आपलं सोलरही बंद पडतं. डोक्यावर कडक ऊन असलं तरी. खांबावर वायरमन काम करत असेल आणि आपल्या गच्चीवरून लाइनमध्ये वीज गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसाच बनवलेला असतो. लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल, तर बॅटरीही जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. आमच्याकडे मे २०२४ मध्ये पाहणीला आलेल्या पहिल्या माणसाने हे सांगितलंच नाही. "सोलर लावा, लाइट जायचा विषयच संपला," एवढंच म्हणाला.

सावलीचंही त्याने असंच केलं. आमच्या रो-हाउसच्या गच्चीवर दक्षिणेला पाण्याची टाकी आहे, चौथऱ्यासकट साडेपाच फूट. तो टाकीला लागूनच पॅनल मांडायला निघाला. म्हणे, सावली पडतच नाही. माझे सासरे दिंडोरीकडचे, आयुष्यभर द्राक्षबाग केलेले. ते म्हणाले, "अहो, मे महिन्यात सावली दिसायचीच नाही. पौषात येऊन बघा." आणि खरंच, नाशिकला मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो. सावली पायाखालीच राहते.

दिवाळीच्या ऑर्डरींचे पैसे हातात येईपर्यंत तसंही थांबायचं होतं. डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी ९ पासून ४ पर्यंत दर तासाला गच्चीवर जाऊन टाकीच्या आणि जिन्याच्या खोलीच्या सावलीभोवती मी माझ्या शिवणाच्या खडूने रेघ मारली. संध्याकाळी गच्चीवर पंख्याच्या पात्यांसारखी नक्षी उमटली होती. भर दुपारीही टाकीची सावली जवळपास टाकीच्या उंचीएवढी लांब पडत होती, आणि सकाळी-संध्याकाळी तर कितीतरी लांब. पॅनल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात. त्यातल्या एकावर सावली आली तरी सगळ्या माळेचं उत्पादन खाली येतं. शेवटी टाकीच जिन्याच्या खोलीमागे उत्तरेला हलवली. प्लंबरचे साडेचार हजार गेले, पण सगळ्या कामात सार्थकी लागलेला तोच पहिला खर्च.

जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या इन्स्टॉलरने काम केलं. ५४० वॉटचे सहा पॅनल, ३ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर, ५ युनिट वीज साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. सगळं मिळून ३ लाख १० हजार. पीएम सूर्यघर योजनेची ७८ हजारांची सबसिडी नंतर खात्यात जमा झाली. ही सबसिडी पॅनलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीसाठी वेगळा रुपयाही नाही. पॅनलचे सेलही भारतात बनलेले लागतात, त्यांना डीसीआर पॅनल म्हणतात. कोटेशनवर तो शब्द आहे का ते बघून घ्या.

त्यांचं काम मला आवडलं. स्ट्रक्चर जस्ताचा जाड मुलामा दिलेलं, पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवलेले, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला कुठेही भोक नाही. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे : पॅनलच्या बाजूला एक, घराच्या बाजूला एक आणि आकाशातली वीज जमिनीत सोडणाऱ्या वीजरोधकाला एक. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडून हजार-दोन हजार वाचवणारे असतात, त्यांना तिथेच थांबवा. नेट मीटर, म्हणजे आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर, लागेपर्यंत त्यांनी इन्व्हर्टरमधून बाहेर वीज जाणंही बंद ठेवलं होतं. जुनं साधं मीटर बाहेर गेलेली युनिटंसुद्धा आपल्याच वापरात धरू शकतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

पण एका बाबतीत त्यांनी मला रडवलं.

एप्रिलमधला शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुहूर्ताची नवरी, तिचा ब्लाउज माझ्या हातात, बाह्यांचं अस्तर जोडायचं बाकी. रात्री दहाला लाइट गेली. बॅटरी आहे म्हणून मी निर्धास्त. पंधरा मिनिटांत इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला. मोबाइलवर बघते तर बॅटरी २२ टक्के. दिवसभर लख्ख ऊन होतं, मग बॅटरी गेली कुठे? सेटिंगच तशी होती. सूर्य मावळला की घर आधी बॅटरीवर चालायचं आणि ती २० टक्क्यांवर आली की मगच महावितरणवर जायचं. म्हणजे ज्या वेळी मला तिची गरज, नेमकी त्याच वेळी ती रिकामी. त्या रात्री सासऱ्यांनी टॉर्च धरला आणि सासूबाईंच्या जुन्या पायमशीनवर मी तो ब्लाउज पुरा केला.

दुसऱ्या दिवशी इन्स्टॉलरचा मुलगा आला आणि पाच मिनिटांत आकडा बदलला. आता लाइट असताना बॅटरी ७० टक्क्यांच्या खाली जात नाही. नेट मीटर असेल तर दिवसाची जादा वीज महावितरणकडे जमा होते आणि रात्री तीच युनिटं वजा होतात. मग बॅटरी रोज रात्री उपसायची कशाला? ती लाइट जाईल त्या वेळेसाठी राखायची. ही सेटिंग पहिल्याच दिवशी स्वतःसमोर करून घ्या.

दुसरी दुरुस्ती बॅकअपच्या लाइनची. सुरुवातीला सगळं घर बॅकअपवर होतं. लाइट गेलेली असताना इस्त्री चालू होती आणि कुणी बोअरची मोटर सुरू केली की सगळं बंद पडायचं. मोटर एक एचपीचीच, पण सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढते. आता बॅकअपचा डीबी, म्हणजे स्विचांचा बोर्ड, वेगळा आहे : दोन मशीन, ओव्हरलॉक, दिवे, पंखे, फ्रीज, राउटर. मोटर, गीझर आणि इस्त्री त्यावर नाहीत. इस्त्री सोडताना जीव थोडा खाली-वर झाला, पण एक हजार वॉटची इस्त्री सलग तापत राहिली तर चार तासांत सगळी बॅटरी खाईल. तेवढ्याच बॅटरीवर माझ्या मशीन आणि दिवे आठ-नऊ तास चालतात. दाबायचे कपडे मी लाइट असतानाच उरकते.

उत्पादनाचं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला १३-१४ युनिट, थंडीत ११-१२. जुलैत झड लागली तेव्हा एका दिवशी ३ युनिटही झाली. घाबरू नका, उन्हाळ्यात जमा झालेली युनिटं पावसाळ्यात वापरली जातात. हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला होतो. बिल बऱ्याच महिन्यांत फक्त स्थिर आकार आणि किरकोळ, दोनशेच्या आत.

धुण्याचं काम सासऱ्यांनी घेतलंय. पंधरा दिवसांनी, ऊन चढायच्या आत, मऊ फडक्याने. बोअरचं पाणी वापरलं तेव्हा काचेवर पांढरे डाग राहिले, म्हणून आता नळाचंच पाणी. पॅनलखाली कबुतरांनी दोनदा घर केलं, जाळी लावायची राहिलीय. संक्रांतीला गच्चीवर पोरांना पतंग उडवायला यंदा पहिल्यांदाच नाही म्हटलं, ते मात्र मला अजून लागतंय. पुढच्या वर्षी उत्तरेकडचा कोपरा त्यांच्यासाठी दोरी बांधून मोकळा ठेवणार आहे.