डीपर प्रो प्लस: उजनीच्या काठावरून तळ वाचताना

उजनीच्या फुगवट्यावर काठावरून गळ टाकणाऱ्याला एक गोष्ट कायम छळते, समोरच्या पाण्याखाली काय आहे ते कळत नाही. १९८० साली धरण झालं आणि भीमेचं जुनं पात्र, शेतं, ताली (म्हणजे शेतांचे बांध), पळसदेवसारखी गावं पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेवढ्यापुरता अंदाज लागतो. एरवी नुसतं सपाट पाणी. माझ्याकडे होडी नाही, म्हणून डीपर प्रो प्लस हा फेकून वापरायचा सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं चित्र दाखवणारं यंत्र, घेतला.

चेंडूच्या आकाराचं हे यंत्र ६५ मिलिमीटर व्यासाचं, १०० ग्रॅम वजनाचं. दोरीला बांधून फेकायचं. पाण्याला टेकलं की आपोआप सुरू होतं आणि स्वतःच्या वायफायवरून फोनला चित्र पाठवतं. इंटरनेट लागत नाही, ही आमच्याकडच्या काठांवर मोठीच सोय. पल्ला १०० मीटरपर्यंतचा सांगितलाय, पण फोन खांद्याच्या वर धरून उभं राहावं लागतं. काठावर बसून फोन मांडीवर ठेवला, त्यात लाटा असल्या, तर पाण्यालगत कुठलंही वायफाय लंगडतं.

१०० ग्रॅम फेकायचे म्हणजे चिलापीचा हलका रॉड चालत नाही. कटल्यासाठी ठेवतो तो जाड रॉड आणि विणलेली दोरी घ्या. हिसका न देता, सावकाश झोका देऊन फेका. ओढतानाही घाई नको, रील जोरात फिरवलं तर तळाची रेघ तुटक येते.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण हे मासे दिसावेत म्हणून घेतात. मला ते तळासाठी अनमोल वाटतं. कठीण मुरूम किंवा खडक असेल तर तळाची पट्टी जाड आणि ठळक उमटते, काळा गाळ असेल तर पातळ आणि फिकट. भिगवणच्या बाजूला एका ठिकाणी काठापासून सलग उथळ गाळ होता, मग चित्रात तळ एकदम उचलला गेला, पट्टी जाडजूड झाली आणि पलीकडे धाडकन खाली गेली. शेजारी जाळं साफ करत बसलेल्या मामांना विचारलं, "मामा, हितं काय हाय खाली?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ताल हाय जुनी. तिच्या पल्याड वढा. दोन पुरुष पाणी आसंल." स्क्रीनवर आकडा होता ३.६ मीटर. मामांना यंत्राची गरज नाही, त्यांचं आयुष्य या पाण्यावर गेलंय. माझ्यासारख्या सुट्टीच्या दिवशी येणाऱ्याला मात्र ती ताल एरवी कधीच सापडली नसती. तिच्या पलीकडच्या उतारावर पेंडीचा गोळा सोडला आणि रोहू लागला.

माशांच्या खुणांबद्दल थोडं समजून घ्या. यात ध्वनीचे दोन झोत आहेत, १५ अंशांचा अरुंद आणि ५५ अंशांचा रुंद. सहा मीटर पाण्यात अरुंद झोत तळावर साधारण दीड मीटरचं वर्तुळ पाहतो, रुंद झोत सहा मीटरहून जास्त. म्हणजे रुंद झोतात दिसलेला मासा चेंडूच्या बरोबर खाली असेलच असं नाही, तीन मीटर बाजूलाही असू शकतो. जागा हेरायला रुंद, नेमकी खोली बघायला अरुंद, असं मी वापरतो. ॲपमधली माशांची चित्रं मी बंदच ठेवतो. अशा कुठल्याही यंत्रात बुडबुडे, शेवाळाचे पुंजके, बुडालेली फांदीसुद्धा मासा म्हणून दाखवली जाऊ शकते. साध्या रेघा आणि कमानी वाचायला शिका, डोळा लवकर बसतो. आणि मृगळ तळाला चिकटून चरतो, तो तळाच्या पट्टीत मिसळून जातो. चित्र रिकामं दिसलं म्हणून जागा सोडू नका.

यात जीपीएस आहे, हे मला सगळ्यात आवडलं. एका जागी उभं राहून पंख्याच्या आकारात चहूकडे फेकत ओढत गेलं की ॲपमध्ये त्या काठाचा खोलीचा नकाशा तयार होतो आणि तो जपून राहतो. पाणी पुढे चढलं-उतरलं तरी ताल आणि ओढा जागचे हलत नाहीत.

किंमत चांगल्या रॉड-रीलच्या जोडीपेक्षा जास्त आहे. ठरलेल्या तळ्यावर, ठरलेल्या ओट्यावर बसणाऱ्याने हा खर्च करू नये. मोठ्या धरणांवर जागा बदलत फिरणाऱ्याने जरूर करावा. पाण्याचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी आधी घ्या, आणि जाळी कुठे लावलीत तेही तिथल्या मच्छीमारांना विचारा. चेंडू जाळ्यात अडकला तर आपलं यंत्र जाईल आणि त्यांचं जाळं फाटेल. काम झालं की चेंडू कोरड्या फडक्याने पुसून मगच पिशवीत टाका. चेंडूवरची धातूची टोकं ओली राहिली तर तो पिशवीतही सुरूच राहतो आणि पुढच्या वेळी काठावर पोचेपर्यंत बॅटरी संपलेली असते.