वॅगनआर: ४८ हजार किलोमीटरनंतर
आधीची डिझेल गाडी (कंपनीचं नाव नको) ॲव्हरेज झकास द्यायची, पण माझं फिरणं कोल्हापुरातच, राजारामपुरी ते उद्यमनगर, एवढंच. इतक्यात इंजिन नीट तापत नाही. धूर गाळणारा डीपीएफ चोंदायचा, डॅशबोर्डवर दिवा पेटायचा आणि बिल बघून घरात अबोला. म्हणून २०२२ ला एक लिटरची पेट्रोल वॅगनआर घेतली. इंजिनाचे व्हॉल्व वेळेवर उघडायला रबरी बेल्टऐवजी टायमिंग चेन आहे, त्यामुळं बेल्ट बदलायची भानगड नाही. ऑइल-फिल्टर सोडून मोठा खर्च दोनच: टायर आणि क्लच प्लेट. क्लच गगनबावड्याच्या घाटानं खाल्ली. खरं तर माझ्याच पायानं, पेडलवरून तो उचलतच नाही. पार्ट तासाभरात मिळाला. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मालक, ह्या गाडीवर आमचं पोट भरायचं न्हाई."