वाई, भाजे, औंध की मंडई : एका दिवसाच्या स्केचिंग ट्रिपला कुठे जावं?

दिवाळीची सुट्टी संपली, हवा कोरडी झाली की पुण्यातल्या कला महाविद्यालयांत एकच विषय चघळला जातो : यंदा आऊटडोअरला कुठे? कुणी मोबाइलवर कसला तरी धबधबा दाखवतं, कुणाला कोकणच हवं असतं आणि वर्गप्रतिनिधी बिचारा वर्गणीच्या मागे. शेवटी ठरते ती जागा फोटोत छान दिसणारी. तीस-चाळीस जण चित्र काढायला निघाले असतील तर हा निकष कुचकामी. दिवसभरात कागदावर हात किती तास चालणार, त्या तासांत उजेड कसा असणार आणि सगळ्यांना बूड टेकायला जागा मिळणार का, एवढं बघितलं तरी पुरे. या हिशेबाने पुण्याहून नेहमी होणाऱ्या चार ट्रिपा ताडून बघू : वाई-मेणवली, भाजे-कार्ल्याची लेणी, सातारा जिल्ह्यातल्या औंधचं संग्रहालय आणि गावातलीच महात्मा फुले मंडई.

माझं पारडं वाईकडे झुकलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुण्याहून अंतर नव्वदेक किलोमीटर. सहाला बस सुटली तर वाटेत मिसळ खाऊनही नऊच्या आत घाटावर पोचता येतं आणि संध्याकाळी पाचपर्यंत सहा तास काम सहज होतं. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. बहुतेक जण समोरून शिखर काढून मोकळे होतात. खरा आकार मागे आहे.

तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मेणेश्वराचं देऊळ, वसईच्या लढाईनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आणि बाकदार दगडी घाट. शिकवण्याच्या दृष्टीने हा घाट म्हणजे फुकटात मिळालेला पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे खोली आणि अंतर कागदावर कसं दाखवायचं याचा वर्ग आहे. वरच्या पायरीवर बसून खाली बघा : पायऱ्यांच्या उभ्या बाजू दिसतच नाहीत, दिसतात ते एकाखाली एक आडवे पट्टे. पण पायरी म्हणजे उभी-आडवी रेघ हे डोक्यात इतकं पक्कं असतं, की मुलं न दिसणारी उभी बाजूही काढतात आणि उतरणारा घाट कागदावर चढायला लागतो. मग त्यांना खाली पाण्याजवळ नेऊन तोच घाट पुन्हा काढायला लावायचा. वर्गात फळ्यावर चार आठवडे समजावून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे तासाभरात शिरतं.

रंगाचंही तसंच. काळा दगड म्हटलं की हात थेट काळ्या ट्यूबकडे जातो. तो दगड ओला असतो तिथे निळा-जांभळा दिसतो, कोरडा धुळकट असतो तिथे तपकिरी आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पायरीची कड तर कोऱ्या कागदाइतकी पांढरी. घाट आणि देवळं हा बॉम्बे स्कूलच्या, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या परंपरेतल्या जलरंगवाल्यांचा आवडता विषय का होता, हे पहिल्या दोन वॉशमध्येच (पाणीदार रंगाच्या थरांतच) कळतं. शिवाय सरांनी डेमो द्यायचा तर सगळा वर्ग पायऱ्यांवर बसतो आणि शेवटच्या मुलालाही बोर्ड दिसतो. ही सोय बाकी तिन्ही ठिकाणी नाही.

तोटेही आहेत. बारा ते तीनच्या उन्हात घाट सपाट होऊन जातो. तेवढा वेळ वाड्याच्या किंवा देवळाच्या सावलीत काढायचा. वाड्यात प्रवेश मिळेल का, हे आधी विचारून ठेवा. चित्रीकरणवाल्यांचं मेणवलीवर फार प्रेम. त्यांचा सेट लागला असेल तर तुमची जागा गेलीच. रविवार आणि संकष्टी टाळा. मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय वाईत आटोपून मग मेणवलीला जा, तिथे पोचून शोधाशोध नको.

भाजे याच्या बरोबर उलट. खर्च जवळजवळ नाही : पुणे-लोणावळा लोकलने मळवली, तिकीट वडापावच्या भावात, पुढे अर्धा-पाऊण तास चालत. मात्र दुपारी लोकलमध्ये मोठी फट असते, तेव्हा येता-जाताचं वेळापत्रक बघूनच निघा. आणि वाईचं वेळेचं गणित इथे चालत नाही. भाज्याची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी आठला धापा टाकत पायऱ्या चढून गेलात तर सगळं करड्या सावलीत झोपलेलं. अकराच्या सुमारास पोचावं, आधी बाहेरच्या स्तूपांचा समूह काढावा आणि तीननंतर ऊन चैत्यगृहात (आत स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात) शिरायला लागलं की आत वळावं. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं हे काम. अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत, कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी बांधणी होती. हा कल डोळ्यांना जाणवतो, पण हात तो सरळ करून टाकतो. काडी समोर धरून मोजायची सवय लावायला याहून चांगली जागा नाही.

इथे जलरंग नेऊ नका. पाण्याच्या बाटल्या वर वाहून न्यायच्या आणि अंधारात वॉश वाळायची वाट बघत बसायचं, दिवस त्यातच जातो. कोळसा, कॉन्टे (कडक खडूच्या कांड्या), टिंटेड पेपर आणि पांढरा खडू एवढं पुरे. दक्षिणेकडच्या विहारात (भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात) रथात बसलेल्याचं आणि हत्तीवर आरूढ झालेल्याचं अशी दोन शिल्पं आहेत. त्यांना रूढीने सूर्य आणि इंद्र म्हणतात, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. चित्र काढणाऱ्याला त्या वादाशी कर्तव्य नाही. कमी उठावात, म्हणजे दगडातून थोड्याच वर काढलेल्या कोरीवकामात, इतकी गर्दी कशी बसवली आहे, ते बघावं. पण त्या कोपऱ्यात एका वेळी पाच-सहा जणच बसू शकतात. चाळीसचा वर्ग नेलात तर निम्मे जण बाहेर सेल्फी काढत बसणार.

भाज्याबरोबर कार्लेही उरकून टाकू, हा मोह हमखास होतो. करू नका. कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं, छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर, दर्शनी भागातली युगुलं तर फिगर शिकणाऱ्याने बघायलाच हवीत. पण दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे आणि सुट्टीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत बोर्ड उघडून बसणं भाविकांनाही त्रासाचं, तुम्हालाही. त्यासाठी वेगळा, साधा दिवस काढा. दोन्हीकडे ईझल मांडायचं असेल तर पुरातत्त्व खात्याच्या माणसाला आधी विचारलेलं बरं.

औंध हे बाकीच्यांच्या पंगतीत बसत नाही, कारण तिथे काढायला नाही, बघायला जायचं. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगरावर औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय. बाळासाहेब स्वतः चित्रकार. रविवर्म्याची चित्रं आपण कॅलेंडरांवर, छापील प्रतींत पाहत आलो. तैलचित्रासमोर उभं राहिल्यावर कातडीखालचे थंड रंग आणि रेशमावरचा एकेक फटकारा दिसतो आणि छपाईने काय काय खाल्लं होतं ते समजतं. त्याच छपराखाली इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं मायलेकरू! लंडनला न जाता ते खटाव तालुक्यात बघायला मिळतं, हे पुण्यातल्या बऱ्याच कला-विद्यार्थ्यांच्या गावीही नसतं.

बघून, उतरवून शिकायचा आपल्याकडचा रिवाज जुना आहे. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला तळ ठोकत आणि भित्तिचित्रांच्या प्रती करून घेत. त्यांतल्या कितीतरी पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या. पण त्या करताना बसलेला हात विद्यार्थ्यांपाशी राहिलाच असणार.

तरीही एका दिवसासाठी औंध अवघड. पुण्याहून जायला तीन-साडेतीन तास, यायला तेवढेच. संग्रहालयात रंग उघडायला मनाई गृहीतच धरा, पेन्सिललाही परवानगी विचारा. कागदावरचे तास जेमतेम दोन. पहिल्या वर्षाची मुलं तासाभरात कंटाळून बाहेर आइस्क्रीम शोधतात. अंतिम वर्षाचा पंधरा जणांचा ग्रुप असेल, पोर्ट्रेट किंवा तैलरंगाचं काम चालू असेल, तर मात्र जरूर जा. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, म्हणून निघण्याआधी फोन करा.

राहिली मंडई. ‘ही काय ट्रिप आहे?’ असं तोंड वाकडं करणारे पहिल्या तासात गप्प होतात. 1886 साली रे मार्केट नावाने उघडलेली गॉथिक घाटाची ही वास्तू, मधला मनोरा आणि त्याच्या भोवती फाकलेल्या शाखा. बाहेरून इमारतीचा अभ्यास, आत माणसांचा. उंच ओट्यावर पालेभाजीच्या ढिगांमागे बसलेली मावशी, वर लोंबणारा दिवा, तागडीकडे गेलेला हात. ती दोन मिनिटंही स्थिर राहत नाही, म्हणून चित्र दोन मिनिटांत व्हायला लागतं. विचारल्याशिवाय कुणाचं चित्र काढू नका. विचारलंत तर ‘काढ की, पण नाक नीट काढ’ असा परवानाही मिळतो. चार-चारच्या टोळ्या करा, गिऱ्हाइकाची वाट अडवू नका, सकाळी सात ते दहा एवढंच बसा, नंतर गर्दी रेटून बाहेर काढते. आता मेट्रोचं मंडई स्थानकही झालं आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच नाही.

पैशाचं बोलायचं तर मंडई आणि भाजे खिशातल्या खिशात होतात. वाईला बस लागते. खासगी गाडी ठरवण्याआधी एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराचा (अख्खी बस भाड्याने घेण्याचा) दर आणि शैक्षणिक सहलीची सवलत विचारा. औंधला चाळीस जण नेणं महाग पडतं आणि त्या मानाने हाती कमी लागतं.

तेव्हा पहिल्या वर्षाला आधी मंडई, दोन-तीन शनिवार, आणि हात सुटला की डिसेंबरात वाई. दुसऱ्या वर्षाला वाई झालेली असेल तर भाजे, वीस-वीसच्या दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या दिवशी. शिल्पकलेच्या मुलांना मात्र थेट भाजेच. त्यांना घाटाच्या पर्स्पेक्टिव्हपेक्षा उठावातला उजेड-अंधार जास्त उपयोगी. जुलै-ऑगस्टमध्ये भाज्याच्या वाटेला जाऊ नका, लोहगड आणि धबधब्याची गर्दी मळवली स्टेशनापासूनच सुरू होते. एकच ट्रिप परवडणार असेल आणि वर्ग मोठा असेल, तर मधल्या वारी वाई-मेणवली. मेणवलीचा घाट सकाळी आणि गणपतीचं देऊळ चारनंतर, हा क्रम ठेवा. जेवणासाठी वाईत परत यायचंच असतं, त्यामुळे बसची फेरी वाढत नाही.