अपात्र पीसीवर विंडोज ११ : सात महिन्यांनंतर (आणि एका वजनकाट्याचा बळी)

गेल्या महिन्यात सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काळ्या स्क्रीनवर एक पांढरी ओळ आली. बूट करण्यासारखं काहीच सापडत नाही, योग्य डिस्क लावा आणि एखादं बटण दाबा. दाबलं. पुन्हा तीच ओळ. सहा महिने ज्या क्षणाची धास्ती होती तो आला, असंच वाटलं. चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असताना हट्टाने विंडोज ११ घातली होती, आता भोगा. घरात कोणी काही बोललं नाही, पण न बोलणंही ऐकू येतंच.

हा रिव्ह्यू त्या दिवशी संध्याकाळी लिहिला असता तर चार ओळींत संपला असता आणि त्यातल्या दोन शिव्या असत्या. थांबलो ते बरं झालं.

मशीन २०१४ सालचं आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, मध्यंतरी हार्ड डिस्क काढून घातलेली एसएसडी. टीपीएमची (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी) चिप नाही, मदरबोर्डवर तिच्यासाठी नुसत्या रिकाम्या पिना आहेत. विंडोज ११ साठी आठव्या पिढीच्या प्रोसेसरची अट, टीपीएम २.० ची अट हे सगळ्यांना पाठ झालंय, परत उगाळत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेटची मुदतवाढ मिळत होती, तीही नको म्हटलं. वर्षभराने पुन्हा हाच प्रश्न घेऊन बसायचं असेल तर आत्ताच का नको? आणि खरं सांगायचं तर चालू वस्तू फेकायला माझा हात उचलत नाही.

लिनक्स टाका असं सांगणारे येतीलच. टाकली असती. पण बायकोच्या भरतकामाच्या मशिनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि त्या खात्यात माझं मत विचारलं जात नाही.

इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण ज्याची भीती होती तो भाग पाच मिनिटांत झाला. रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवताना तो स्वतःच विचारतो की टीपीएम, सिक्युअर बूट आणि ४ जीबी रॅमची अट काढून टाकू का. टिक करायची, संपलं. रूफस नको असेल तर सेटअपच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट आणि तिथून रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) उघडता येते. तिथे सिस्टमखालच्या सेटअपमध्ये 'लॅबकॉन्फिग' नावाची की बनवून त्यात 'बायपासटीपीएमचेक' आणि 'बायपाससिक्युअरबूटचेक' यांना १ किंमत द्यायची. परिणाम तोच.

माझा शनिवार गेला तो दुसऱ्याच गोष्टीत. जुनी विंडोज लेगसी म्हणजे जुन्या बूट पद्धतीने, एमबीआर मांडणीच्या डिस्कवर बसलेली होती. पेनड्राइव्ह बनवला होता युईएफआय या नव्या बूट पद्धतीसाठी. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी 'युईएफआय' लावून. मी साहजिकच वरचा निवडत राहिलो. कधी कर्सर लुकलुकत बसायचा, कधी सगळं नीट चालून ऐन डिस्क निवडायच्या वेळी सेटअप म्हणायचा की या डिस्कची मांडणी चालत नाही. दुपारी चारला डोक्यात प्रकाश पडला. खालचा पर्याय निवडला, डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवली (बॅकअप घेतला होता, दोनदा) आणि पाऊण तासात डेस्कटॉप समोर. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन लेगसीचा पर्याय बंद केला, फक्त युईएफआय ठेवलं. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. या युक्त्या फक्त तपासणी टाळतात, प्रोसेसरला नव्याने काही शिकवत नाहीत. विंडोज ११ च्या २४एच२ (२०२४ सालच्या) आवृत्तीपासून एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना प्रोसेसरला समजाव्याच लागतात. कोअर टू ड्युओला त्या येत नाहीत, त्यामुळे तिथे कुठलीही टिक करा, विंडोज बूटच होणार नाही. आय मालिकेच्या पहिल्या पिढीपासून पुढे ही अडचण नाही. कपाटावरचं फारच म्हातारं मशीन उतरवायच्या आधी एवढं बघा.

वेगाबद्दल मी लिहिणार होतो की विंडोज १० पेक्षा जड वाटते. पहिले दोन आठवडे वाटलीच. मग कळलं की तो माझाच शहाणपणा होता. सुरक्षेच्या पानावर 'मेमरी इंटिग्रिटी' (विंडोजच्या गाभ्यात परका कोड घुसू न देणारी सोय) बंद दिसली, मी उत्साहाने सुरू केली. त्यासाठी प्रोसेसरमध्ये जी सोय लागते ती सातव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरमधून नक्कल करून होतं आणि त्याची किंमत वेगात मोजावी लागते. बंद केली. फोल्डर पुन्हा पटापट उघडायला लागले. सुरक्षा थोडी कमी झाली हे मान्य.

आता झोपेबद्दल.

मला माहीत आहे की स्लीप ही काही ऑपरेटिंग सिस्टम घ्यायची की नाही हे ठरवणारी गोष्ट नाही. पण मी दिवसातून आठ-दहा वेळा कॉम्प्युटरवरून उठतो आणि प्रत्येक वेळी त्याला झोपवतो. ही वीस वर्षांची सवय आहे. आणि विंडोज ११ घातल्याच्या पहिल्याच रात्री तो झोपला तो उठलाच नाही. स्क्रीन काळी, पंखा मात्र घरघरत चालू, पुढचा दिवा पेटलेला. माउस हलवा, कीबोर्ड बडवा, काही नाही. कुंभकर्णाला निदान ढोल वाजवून उठवता यायचं. इथे पॉवरचं बटण दाबून धरायचं, मेल्यासारखा बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत दरवेळी 'कर्नेल-पॉवर ४१' ची, म्हणजे नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाल्याची, लाल नोंद. एका महिन्यात मी अशा एकतीस नोंदी मोजल्या. हो, मोजल्या.

काय काय करून पाहिलं! पॉवरसीएफजी या कमांडला विचारलं तर एस३ (नेहमीची, पंखा थांबणारी) स्लीप उपलब्ध आहे म्हणाला. फास्ट स्टार्टअप बंद केलं. हायबरनेट बंद केलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना घातला, मग त्याहून जुना घातला. माउसचा, नेटवर्क कार्डचा मशीन उठवण्याचा हक्क काढून घेतला, परत दिला. मॉनिटरची केबल बदलली. मुलीला कीबोर्डसमोर नुसतं जाताना पाहिलं तरी मी ओरडायचो. शेवटी तिनेच एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलं : "बाबा, याला झोपवू नकोस. उठणार नाही."

डिसेंबरमध्ये हार मानली आणि नवा नियम केला, काम झालं की शटडाउन. आता रात्री बंदच असतो तर वीज तरी का खाऊ द्यायची, म्हणून भिंतीवरचं बटणही बंद करायला लागलो. काटकसर म्हणजे काटकसर.

जानेवारीच्या सुमाराला एक नवीनच चाळा सुरू झाला. सकाळी सुरू केलं की घड्याळ काही तास मागे. पाच-दहा मिनिटांत इंटरनेटवरून आपोआप बरोबर व्हायचं, पण तोवर ब्राउझर एकही साइट धड उघडू देत नसे; तुमचं घड्याळ चुकलंय म्हणून अडून बसायचा. मी काय निष्कर्ष काढला असेल? अर्थातच विंडोज ११. अपात्र मशीन, काहीतरी आत जुळत नाहीये, वेळसुद्धा धड राखता येत नाही. जे काही बिघडेल त्याला आता एकच आरोपी होता. एकदा प्रिंटरचा कागद अडकला तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघालं.

आणि मग गेल्या महिन्यातली ती सकाळ.

पेनड्राइव्ह शोधून पुन्हा इन्स्टॉल करायच्या तयारीने बायोसमध्ये शिरलो. वरच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१४. ती बघूनही मला लगेच कळलं नाही, हे कबूल करतो. खाली बूटच्या पानावर गेलो तर लेगसी पुन्हा चालू आणि युईएफआय बंद. मी स्वतःच्या हाताने बदललेली सेटिंग, मशीनने विकत आणलेल्या दिवशीच्या स्थितीला नेऊन ठेवलेली. डिस्कमध्ये विंडोज शाबूत होती, तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता तेवढा बायोस विसरला होता.

मदरबोर्डवर एक चपटं, नाण्यासारखं तीन व्होल्टचं सेल असतं, सीआर२०३२. भिंतीवरची वीज चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो, कॉम्प्युटर बंद असला तरी. त्यामुळे सेल मेलेलं असलं तरी कोणाला पत्ता लागत नाही. माझं सेल कधीचंच थकलं असणार. स्लीप चालत होती तोवर वीज कधी तुटलीच नाही. स्लीप बिघडली म्हणून मी रात्री भिंतीचं बटण बंद करायला लागलो, आणि रात्रभर त्या म्हाताऱ्या सेलवर सगळा भार पडायला लागला. आधी घड्याळ मागे पडलं, मग आठवणच गेली. विंडोज ११ चा यात काडीचा संबंध नाही. विंडोज १० असती आणि मी असाच काटकसरी वागलो असतो तरी घड्याळ असंच चुकलं असतं.

मल्टिमीटर लावला, २.१ व्होल्ट. नवीन सेल घरात नव्हतं, आणि तेवढ्यासाठी खाली उतरायचं जिवावर आलं होतं. वजनकाटा उलटा केला. सीआर२०३२. काढलं, लावलं, बायोसमध्ये तारीख टाकली, लेगसी बंद केलं, सेव्ह केलं. अकरा सेकंदांत लॉगिनचा पडदा.

इथे माझं मत बदललं, आणि थोडी लाजही वाटली. मग विचार केला, घड्याळाचा आळ खोटा निघाला तर झोपेचाही खोटा असेल का? या वेळी 'विंडोज ११' हा शब्द वगळून शोधलं, नुसती लक्षणं लिहिली : स्क्रीन काळी, पंखा चालू, त्याच वयाचा मदरबोर्ड. उत्तर निघालं 'मॅनेजमेंट इंजिन' या मदरबोर्डवरच्या इंटेलच्या छोट्या नियंत्रकाचा ड्रायव्हर. विंडोज अपडेट आपणहून त्याची नवी आवृत्ती घालते, आणि त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांना ती मानवत नाही. मशीन झोपायला निघतं आणि उंबरठ्यावरच अडकतं. विंडोज १० वरही लोकांना हाच त्रास झालेला आहे. माझ्याकडे झाला नव्हता, कारण तिथे बोर्डाबरोबर आलेला जुना ड्रायव्हर बसलेला होता आणि तो मी कधी हलवलाच नव्हता.

डिव्हाइस मॅनेजर, सिस्टम डिव्हाइसेस, मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस, ड्रायव्हर बदला, यादीतून निवडा. मदरबोर्डाच्या सीडीवरची जुनी आवृत्ती घातली. झोपवला. पंखा थांबला. ती शांतता मी सहा महिने ऐकली नव्हती. स्पेसबार दाबला आणि दोन सेकंदांत उठला. मी आणखी सहा वेळा झोपवून उठवला, उगाचच. पुढच्या अपडेटने नवी आवृत्ती परत बसवली तेव्हा पुन्हा तेच केलं आणि अपडेट लपवायच्या छोट्या टूलने ती कायमची लपवली.

मग अपात्र असण्याचा खरा त्रास कोणता? दर महिन्याची सुरक्षा-अपडेट आजपर्यंत वेळेवर आली आहेत, एकही चुकलेली नाही. ती येत राहतील याची हमी नाही हे अधिकृतपणेच सांगितलेलं आहे, तेव्हा उद्या बंद झाली तर मला तक्रारीला जागा नाही. वर्षातून येणारी मोठी आवृत्ती मात्र आपणहून मिळत नाही. पेनड्राइव्ह मी ऑगस्टमध्येच बनवून ठेवला होता म्हणून माझ्याकडे २४एच२ बसली. त्यापुढच्या २५एच२ ची वाट पाहिली, ती काही आली नाही. आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) उतरवून उघडली आणि कमांड प्रॉम्प्टवरून सेटअपच्या पुढे स्लॅश देऊन 'प्रॉडक्ट सर्व्हर' जोडून चालवली. पडद्यावर 'विंडोज सर्व्हर' असं नाव येतं, तेव्हा छातीत धस्स होतं, पण बसते ती आपली नेहमीचीच. फक्त एक बघा : फायली आणि अ‍ॅप ठेवण्याचा पर्याय निवडता येत असेल तरच पुढे जा. तो फिका दिसत असेल तर बहुतेक आयएसओची भाषा वेगळी आहे, तिथेच थांबा. मला दीड तास लागला आणि भरतकामाचं सॉफ्टवेअर जागेवर राहिलं. सेटिंग्जच्या पानावर हे मशीन अटी पूर्ण करत नाही अशी एक ओळ येते, तीही रजिस्ट्रीतून घालवता येते म्हणतात. मी ठेवली आहे.

पाचपैकी चार. एक कापला तो विंडोजचा नाही, मी वाया घालवलेल्या सहा महिन्यांचा.

मुलीची चिठ्ठी अजून स्क्रीनच्या कडेला आहे, तिने 'नकोस' खोडून वर 'शकतोस' लिहिलंय आणि शेवटचा 'नाही' खोडलाय. वजनकाट्याचं सेल मी अजून आणलेलं नाही. बायकोने काल विचारलं, मी म्हटलं, तोही आता सपोर्टमध्ये नाही.