‘तुमचा लूक आवडला’ म्हणत आले आणि आजीचं इरकल घेऊन गेले

गेल्या आठवड्यात कल्याणच्या एका मुलीचा मला मेसेज आला. ‘ताई, तुम्ही यांच्याकडूनच मॉडेल झालात ना? मी उद्या पैसे भरतेय. खात्रीचे आहेत का?’ खाली एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता आणि त्यात मीच उभी होते. मोरपंखी जॅकेट, जीन्स, कपाळावर चंद्रकोर, पायात कोल्हापुरी. फोटोवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमची स्टार मॉडेल’.

याच लोकांनी मला ३८,४६० रुपयांना फसवलंय. मी त्या मुलीला लगेच फोन केला, म्हणून तिचे पैसे वाचले. पण तिच्याआधी माझा फोटो बघून कुणी पैसे भरले असतील का, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून घडलं ते सगळं लिहितेय. त्यांचं नाव देत नाही. पोलिसांत तक्रार दिलेली आहे, आणि ही माणसं नाव बदलून पुन्हा येतातच. नावापेक्षा त्यांची पद्धत ओळखता यायला हवी.

मी डोंबिवलीची. दिवाळीत नरक चतुर्दशीच्या सकाळी नटूनथटून फडके रोडवर जायचं, हे आमच्याकडे शाळेपासून ठरलेलं. कपड्यांची आवड मला तिथूनच लागली. पुढे नोकरी लागली, रोजची सीएसएमटी लोकल सुरू झाली आणि आवडीला वळण आलं. मॉलमधले कपडे परवडायचे नाहीत. मग आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून शर्ट घ्यायचा, मंगलदास मार्केटमधून कापड आणून आमच्या शिंपीकाकांकडून शिवून घ्यायचं, बायकांच्या डब्यात कानातले विकायला येणाऱ्या मावशींकडून चाळीस रुपयांचे झुमके घ्यायचे. महागडं काही नाही, पण जे घालायचं ते आपलं वाटलं पाहिजे, एवढाच हट्ट. या शहरात माझ्यासारख्या हजारो मुली आहेत. सकाळची आठची गाडी बघा, खणाच्या ब्लाउजवर डेनिम, सुती साडीखाली स्नीकर्स, कुर्त्यावर आईची जुनी मोहनमाळ. हे सगळं कुठल्या डिझायनरने शिकवलेलं नाही.

माझ्याकडचं सगळ्यात लाडकं होतं ते जॅकेट. ते आजीच्या इरकल लुगड्याचं. आजी गेल्यावर आईने जुनी लुगडी बोहारणीसाठी बाजूला काढली होती, बदल्यात स्टीलचे डबे घ्यायचे म्हणून. त्यातून मी हे एक ओढून घेतलं. लांब जॅकेट शिवलं, पाठीवर लाल टोपपदर आला. डाव्या काखेखाली आजीनेच कधीतरी केलेलं रफू होतं, मोरपंखी दोरा मिळाला नसावा म्हणून पिवळ्या दोऱ्याने. काका म्हणाले, ‘हा तुकडा कापून टाकू का? वाईट दिसेल.’ मी म्हटलं, राहू दे.

फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हलला मी तेच घालून गेले होते. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर गर्दीत एक मुलगा कॅमेरा घेऊन समोर आला. नीट बोलला, आधी परवानगी मागितली. ‘मॅम, तुमचा लूक फार वेगळा आहे. हे इरकल आहे ना?’ शंभरातल्या एकालाही ते ओळखता येत नाही, त्याने ओळखलं. मी तिथेच विरघळले. त्याने चार फोटो काढले, नंबर घेतला आणि संध्याकाळी फोटो पाठवलेही. सुंदर होते, आणि एक पैसा मागितला नाही. इथे लक्ष द्या. पहिली भेट नेहमी फुकट असते. विश्वास तिथे बसतो, पैशाची गोष्ट नंतर येते.

आठ दिवसांनी एका बाईचा फोन आला. मराठी, आवाज गोड, प्रत्येक वाक्यात ‘डिअर’. एक मोठा ब्रँड देशी कपड्यांची मालिका काढतोय, त्याला मॉडेलसारख्या मॉडेल नकोत, रस्त्यावरचे खरे चेहरे हवेत, आणि माझा फोटो निवडला गेलाय. वर म्हणाली, ‘सध्या आपल्या कोल्हापुरीची जगभर चर्चा आहे, बघताय ना?’ ती चर्चा खरीच होती. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापुरात संताप झाला, आणि मग भारतीय हस्तकलेवरून प्रेरणा घेतल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन असलेली आपली चप्पल! तो राग माझ्याही मनात होता. बाईने नेमकी तीच तार छेडली. आपल्या गोष्टी आपल्याच माणसांनी मिरवायच्या, म्हणाली. मला पटलं. आजही पटतं. खोटं बोलणारा माणूस खऱ्या गोष्टीचा असा वापर करतो.

अंधेरीत एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. भिंतीवर मोठमोठे फोटो, बाहेर बाकावर माझ्यासारख्याच पाच-सहा मुली, दोघींच्या तर आया सोबत. नोंदणी २,५०० रुपये. ते भरल्यावर कळलं की ब्रँडला पाठवायला पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक फोटोंचा संच लागतो, २२,००० रुपये. ते देताना मी कचरले, तर बाई म्हणाली, ‘पहिल्याच शूटचे तुम्हाला साठ हजार मिळणार आहेत, त्यातून वळते झाले असं समजा.’ त्या बावीस हजारांवर १८ टक्के जीएसटी, ३,९६०. शेवटी ब्रँडचे कपडे घरी नेणार म्हणून १०,००० अनामत, परत मिळणारी. एकदम अडतीस हजार मागितले असते तर मी उठून आले असते. पण चार वेळा, तीन आठवड्यांत, आणि दर वेळी आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे. हे जाळं असंच विणलेलं असतं.

शूट झालं, तेही खरं. एक खोली, पांढरा पडदा, दोन लाइट. शूट संपल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘जॅकेट ठेवून जा ना, स्टायलिंग टीमला ब्रँडला दाखवायचंय, सोमवारी मिळेल.’ मी घडी घालून तिच्या हातात दिलं. लोकलमध्ये बसल्यावर क्षणभर वाटलं, परत जावं आणि घेऊन यावं. गेले नाही.

सोमवार गेला, पुढचाही गेला. मग बाईचा फोन आला, शूट जयपूरला आहे, विमानाचं तिकीट आधी तुम्ही काढायचं, १५,००० पाठवा. त्या रात्री मी पहिल्यांदा पावती नीट वाचली. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. पावतीवरचा मोजला तर १४ भरले, सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली. हे मला एका मैत्रिणीने सांगितलं, ती अकाउंट्समध्ये आहे. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणीही क्रमांक टाकून कंपनीचं नाव पाहू शकतं, पैसे लागत नाहीत, दोन मिनिटांचं काम. मग यूपीआयचा इतिहास उघडला. चारही वेळा क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव आलंच नव्हतं, एका माणसाचं आलं होतं. ते नाव पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर दिसतं. मी चारही वेळा ते पाहिलं आणि पुढे गेले.

ऑफिसात गेले तर कुलूप. वॉचमन म्हणाला, जागा महिन्याच्या भाड्याने होती.

करारसुद्धा झाला होता, ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. तो पाहूनच मला धीर आला होता. पण स्टॅम्प पेपर कुणालाही विकत मिळतो. शुल्क भरलंय एवढंच त्यावरून कळतं, समोरचा खरा आहे हे कळत नाही. त्या करारात एक कलम होतं, माझे फोटो ते कुठेही, कितीही काळ वापरू शकतात. साठ हजारांचा आकडा त्यात कुठेच नव्हता. त्या कलमावर मी सही केली, म्हणूनच माझा फोटो दाखवून ते कल्याणच्या त्या मुलीला फसवणार होते.

नंतर मी या धंद्यात खरोखर काम करणाऱ्या दोघांशी बोलले. त्यांनी सांगितलं ते इतकं सरळ आहे की आधी विचारलं का नाही याची हळहळ वाटते. पैसे ब्रँडकडून येतात. मॉडेलला मानधन मिळतं आणि एजन्सी त्यातून आपलं कमिशन घेते. म्हणजे तुम्हाला काम मिळालं तरच त्यांना पैसा मिळतो. जो आधी तुमच्याकडून घेतो, त्याला तुमच्या कामाची गरजच नाही, त्याचं काम तिथेच झालं. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. निवडीसाठी एजन्सी बहुतेक वेळा साधे फोटो मागते, फोनवर काढलेले, खिडकीच्या उजेडात, मेकअप न करता. शूटचे कपडे ब्रँड आणतो आणि परत नेतो, त्यासाठी मॉडेलकडून अनामत घेत नाही. पोर्टफोलिओ काढणं वाईट नाही, पण तो आपण शोधलेल्या फोटोग्राफरकडून, आपल्या सवडीने. काम देणाराच ‘आमच्याकडूनच काढा’ म्हणतोय म्हटल्यावर उठायचं. आणि ज्या ब्रँडचं नाव घेतलं जातं त्याच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करायचा, यांनी दिलेल्या नंबरवर नाही.

पैसे गेलेच असतील तर एक क्षण थांबू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. लवकर कळवलं तर पैसे पुढे वळवण्याआधी खात्यातच रोखता येण्याची शक्यता असते. मी शरमेने अकरा दिवस गप्प बसले. आईला सांगायचं कसं, ऑफिसात लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. तोवर पैसे गेले होते ते त्या माणसाचं खातं रिकामं झालं होतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, तिचा क्रमांक मिळतो. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पूर्वीचं ४२०. चौकीतले साहेब चांगले होते, त्यांनी मला तारखेवार सगळं कागदावर लिहून आणायला सांगितलं. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, चॅट, पावती, कराराची प्रत, कॉलची यादी, हे सगळं लागतं. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढा. मी बरंच डिलीट केलं होतं, त्याचा मला फटका बसला. माझी तक्रार अजून चालू आहे, पैसे मिळालेले नाहीत. माझा फोटो वापरलेली जाहिरात मी आणि मैत्रिणींनी मिळून रिपोर्ट केली, तेव्हा ती निघाली.

आई एकदाही रागावली नाही. फक्त म्हणाली, ‘लुगडं बोहारणीला दिलं असतं तर निदान डबे तरी आले असते,’ आणि उठून आत गेली. आत ती रडली, मला ऐकू आलं.

काल त्यांचं नवं पेज सापडलं, नाव वेगळं, भिंतीवरचे फोटो तेच. सगळ्यात वरच्या फोटोत एक मुलगी आहे, एकोणीस-वीस वर्षांची असेल, केस मोकळे, हसतेय. तिच्या अंगावर माझं जॅकेट आहे. तिने किती पैसे भरलेत मला माहीत नाही, पुढचे मागितले जातील एवढं नक्की. पेजवर मी लिहिलेली कमेंट पाच मिनिटांत उडवली गेली. तिला कुणी ओळखत असेल तर हे तिच्यापर्यंत पोहोचवा. तिला म्हणावं, डावा हात वर करून बघ. काखेखाली पिवळ्या दोऱ्याचं रफू दिसेल. ते माझ्या आजीच्या हातचं आहे.