०.३४ चे ४१ झाले म्हणून आम्ही पेढे वाटले

लिहायला लाज वाटतेय, कारण मी हिशोबाचंच काम करते. क्लॉथ मार्केटात एका पेढीवर अकरा वर्षं झाली, बिलात मीटर आणि थानाची गल्लत असली तर मी बिल परत पाठवते, आणि घरच्या रिपोर्टमध्ये युनिट बदललेलं मला दिसलं नाही.

माझा दादा ४२ चा. आम्ही रामबागेतले, इंदूरमध्ये तिसरी पिढी. दादाला दहा वर्षं सगळे दमाच म्हणत होते, पंप चालू होता, कॉलेजपासून सिगरेट होती ती तीन वर्षांपूर्वी सोडली. तरी राजवाड्यापर्यंत चालत गेला की ओट्यावर बसायचा. मागच्या वर्षी छातीच्या डॉक्टरांनी सीटी बघितला आणि म्हणाले, फुप्फुसं खालच्या भागात जास्त खराब आहेत, सिगरेटवाल्यांची सहसा वरून होतात, आणि वयही कमी आहे, एक रक्ताची टेस्ट करा. अल्फा-१ अँटीट्रिप्सिन. आली ०.३४, नॉर्मल ०.९ ते २.० लिहिलेलं. मग जीनची टेस्ट, त्यात झेड-झेड, म्हणजे आईकडून एक आणि बाबांकडून एक असे दोन्ही बिघडलेले जीन दादाला आले. आईबाबा दोघं ठणठणीत, कारण त्यांच्यात एकेकच.

डॉक्टरांनी बरंच समजावलं, पण घरी पोचेपर्यंत आमच्या डोक्यात एकच शब्द उरला, "प्रोटीनची कमी". आईने त्याच संध्याकाळी मटकी भिजत घातली. सगळी फसवणूक ह्या एका शब्दावर झाली.

एका मुंजीत ते गृहस्थ भेटले. ओळखीच्यांच्या ओळखीचे, न्यूट्रिशनचं काम करतात म्हणे, शुद्ध मराठी, "ताई, आपल्या माणसाकडून मी नफा घेत नाही". इथे इंदुरात कोणी मराठीत इतकं आपुलकीने बोललं की आपण अर्धे विरघळतोच, हे त्याला पक्कं माहीत असणार. रिपोर्ट बघून म्हणाला, प्रोटीनच कमी आहे ना, मग प्रोटीनच भरायचं, अल्फा पावडर आहे माझ्याकडे, तीन महिन्यांचा कोर्स, महिन्याला १८ हजार. पैसे यूपीआयने, त्याच्या बायकोच्या नावावर. बिल मागितलं तर म्हणाला "बिलावर जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान". हे वाक्य मी रोज मार्केटात ऐकते आणि रोज हसते, तेव्हा नाही हसले.

वर पंप हळूहळू कमी करा म्हणाला, पंपाची सवय लागते म्हणे. दादाने केले. दुसऱ्या महिन्यात दादाला छातीचं इन्फेक्शन झालं, १०२ ताप, हिरवा कफ. आणि हा माणूस नेमका त्याच आठवड्यात फोन करून म्हणतो, आता टेस्ट करून घ्या, पावडरचा असर दिसेल, आणि लॅबही त्यानेच सांगितली, नेहमीची नाही. रिपोर्ट आला ४१. ०.३४ वरून एकदम ४१! वहिनी रडली, मी सराफ्यातून पेढे आणले, शेजारी वाटले. त्याने आमच्या रिपोर्टचा फोटो मागून घेतला, आता तो फोटो अजून किती घरांत फिरत असेल देव जाणे.

तिसऱ्या महिन्यात इंजेक्शनचा विषय काढला. बाहेरच्या देशातलं, खरं अल्फा प्रोटीन, महिन्याला एक, ४५ हजार, अर्धे आधी. किती मिलिग्रॅमचं ते विचारलं तर १०००. का कोण जाणे, पैसे टाकण्याआधी मी डॉक्टरांना फोन केला, असं इंजेक्शन असतं का. ते म्हणाले असतं, लोकांनी दान केलेल्या रक्तातल्या प्लाझ्मापासून काढतात, अमेरिकेत १९८७ पासून आहे, पण किलोमागे ६० मिलिग्रॅम आणि दर आठवड्याला, शिरेतून. दादा ६२ किलोचा. कॅल्क्युलेटर समोरच होता. आठवड्याला ३७२०, चार आठवड्यांचे १४,८८०. आणि हा देणार १०००, त्याच्यात काय असणार ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सगळे कागद आणि डबे घेऊन डॉक्टरांकडे. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, काही बोलले नाहीत, फक्त पेनाने युनिटवर गोल केला. पहिला ग्रॅम प्रति लिटरमध्ये, दुसरा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. म्हणजे ०.३४ तेच ३४. आणि शेजारी नॉर्मल ९० ते २०० छापलेलं होतं, ते आम्ही कोणी वाचलंच नाही. मग विचारलं, ह्या दिवशी ताप होता का? होता. तापात, इन्फेक्शनमध्ये लिव्हर हे प्रोटीन जास्त बनवतं, म्हणून ३४ चे ४१, म्हणून ते ह्या टेस्टसोबत सीआरपी, म्हणजे अंगात सूज-इन्फेक्शन आहे का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट, पण करायला सांगतात.

आणि पावडर? खाल्लेलं प्रोटीन पोटात पचून तुकडे होतं, ते अख्खं रक्तात जाऊन फुप्फुस राखत नाही. दादाच्या शरीरात कच्च्या मालाची कमी नाहीच. मला कळलं ते असं की लिव्हरच्या कारखान्यात माल बनतोय पण वाकडा बनतोय, घडी चुकलेली, म्हणून गोदामातच अडकतो, तिथे साचून लिव्हरला त्रास, आणि तिकडे फुप्फुसात राखणदार पोचत नाही. जंतू मारायला पांढऱ्या पेशी जे एन्झाइम सोडतात त्याला आवरणारं हेच प्रोटीन, ते नसलं की ते एन्झाइम फुप्फुसाच्या भिंतीच खातं. सिगरेटने तर उरलेलं प्रोटीनही निकामी होतं. खऱ्या इंजेक्शननेही गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पुढची झीज मंदावते इतकंच. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन ह्या दोघांनी हा आजार शोधला, रक्ताच्या प्रोटीनच्या पट्टीवर एक पट्टा गायब दिसला म्हणून. त्यांना नसलेला पट्टा दिसला आणि मला छापलेलं युनिट दिसलं नाही.

३६ हजार गेले, तिसऱ्या महिन्याचे दिले नव्हते. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय, बिल नाही म्हणून चॅट आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट जोडलेत. त्या गृहस्थाने मला ब्लॉक केलंय. एक डबा सीलबंद ठेवलाय, तो कोणी फेकायचा नाही असं आईला बजावलंय. दादाचा पंप पुन्हा पूर्ण डोसवर आहे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी झाल्या. माझीही टेस्ट झाली, माझ्यात एकच बिघडलेला जीन आहे.

भाच्यात, म्हणजे दादाच्या मुलात, एक तर असणारच, दादाकडे द्यायला दुसरा चांगला नाहीच, वहिनीकडून काय आलंय ते बघायचंय. पण सध्या त्याला सर्दी-ताप आहे, तो पूर्ण उतरला की नेणार.