लॉगबुकात ४०० तास, हातात शून्य : ऑटोमोबाईल टेक्निशियनच्या कोर्समध्ये मी कसा फसलो

हे लिहायला मी लय दिवस टाळाटाळ केली कारण यात माझीही चूक आहे आणि ती चारचौघात कबूल करायची लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका पोराने विचारलं, दादा गाड्यांचा टेक्निशियन कोर्स करू का, एक कॉलेज भारी वाटतंय, आणि मोबाईलवर फोटो दाखवले. बघून पोटात गोळाच आला. तीच निळी लिफ्ट, तीच लाल टूल ट्रॉली, त्याच कोपऱ्यात तीच बोनेट उघडी असलेली पांढरी गाडी. कॉलेज वेगळं, फोटो तेच! म्हणजे आमच्या कॉलेजचे फोटो पण आमच्या कॉलेजचे नव्हतेच, हे मला कोर्स संपल्यावर इतक्या वर्षांनी कळलं. नाव घेत नाही, त्यावरून नसती भानगड नको.

ॲडमिशनच्या आधी मी कॉलेज बघायला गेलो होतो, आंधळेपणाने पैसे नाही भरले, हे आधी सांगतो. पण गेलो कधी, तर त्यांनी बोलावलं त्या दिवशी. त्या दिवशी शॉपमध्ये, म्हणजे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, तीन गाड्या उभ्या, एकीला बिघाड वाचणारा स्कॅनर लावलेला, स्क्रीनवर ग्राफ पळतायत, स्वच्छ कपड्यातले सर समजावून सांगतायत. मी खुश. नंतर वर्षभरात त्या गाड्या परत दिसल्या नाहीत आणि ते सर पण नाही. शॉपला कायम कुलूप, विचारलं की उत्तर ठरलेलं, चावी सरांकडे आहे आणि सर बाहेर गेलेत.

आमच्या वाट्याला काय आलं तर स्टँडवर बसवलेलं एक जुनं कार्बोरेटरवालं इंजिन, जे सुरूच होत नव्हतं, आणि कापून रंगवलेला एक गिअरबॉक्स. तीस पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी राहायची, पुढच्या चौघांना दिसायचं, बाकीचे मोबाईलमध्ये. तेच इंजिन दर बॅचने इतक्या वेळा खोललेलं की हेडच्या बोल्टचे आटे गेलेले, मग टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) लावून काय मोजणार? शिकवणारा मुलगा आमच्या आधीच्या बॅचचा निघाला, स्वभावाने चांगला होता बिचारा, पण त्याला तरी कुणी शिकवलं होतं.

आता मुद्द्याचं, लॉगबुक. अशा कोर्सला प्रत्येक प्रॅक्टिकलची नोंद असते, काय काम केलं, किती तास, शिकणाऱ्याची सही आणि शिकवणाऱ्याची सही. आमच्याकडे महिन्याच्या शेवटी ऑफिसमध्ये बोलवायचे आणि भरलेलं पान समोर ठेवायचे. ब्रेक ब्लीडिंग ८ तास, कम्प्रेशन टेस्ट ६ तास, टायमिंग बेल्ट १२ तास, सगळं छान अक्षरात लिहिलेलं, आपण फक्त सही ठोकायची. पहिल्यांदा मी म्हटलं सर हे तर झालंच नाही, तर म्हणाले पुढच्या महिन्यात कव्हर करू रे, आत्ता सही नाही केलीस तर परीक्षेला बसता येणार नाही. केली सही. दुसऱ्या महिन्यात विचारलं पण नाही. हीच माझी चूक.

सगळ्यात वाईट पान इलेक्ट्रिक गाड्यांचं होतं. २४ तास हाय व्होल्टेज! प्रत्यक्षात दोन दुपारी स्लाईड दाखवल्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये की नारंगी केबलच्या मागे काहीशे व्होल्ट असतात, सर्व्हिस प्लग, म्हणजे बॅटरीची वीज तोडायचा प्लग, काढला तरी आतले वीज साठवणारे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत, ठरलेला वेळ थांबायचं, इन्सुलेटेड ग्लोव्ह घालायचे, मीटरने शून्य बघायचं आणि मगच हात लावायचा. मी तो ग्लोव्ह कधी हातात सुद्धा घेतला नव्हता, आणि कागद म्हणत होता की या माणसाला हे काम येतं, आणि खाली सही माझी. उद्या कुणी तो कागद बघून मला तशा गाडीवर सोडलं असतं तर?

इंटर्नशिप म्हणजे तर चेष्टाच. चार महिने एका गॅरेजमध्ये गाड्या धुतल्या, मॅट झटकले, फार तर ऑइल काढलं. पैसे नाहीत कारण "शिकताय ना". गॅरेजवाला कॉलेजला पैसे देत होता का ते मला माहीत नाही, पण फुकटची पोरं त्याला दर बॅचला मिळत होती एवढं खरं.

मग पहिला इंटरव्ह्यू. वर्कशॉपच्या हेडने, वयस्कर माणूस, फाईल बघितली, म्हणाला वा ४०० तास प्रॅक्टिकल, चल. एका गाडीच्या डॅशबोर्डवर निम्मे दिवे पेटलेले. हातात मल्टिमीटर दिला आणि म्हणाला, ओबीडीच्या सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर लावतात ते) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये रेझिस्टन्स मोज. मी तसाच लावला, आकडे नुसते नाचतायत. म्हणाला अरे इग्निशन कोण बंद करणार, बॅटरी कोण काढणार. काढली, थांबलो, परत मोजलं, १२० ओहम. मी छाती फुगवून सांगितलं, बरोबर आहे सर, नोट्समध्ये १२० च आहे. तो हसला पण नाही, ते जास्त लागलं. म्हणाला कॅन बसच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्या, दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात, पॅरलल म्हणजे ६० यायला पाहिजे, १२० आलं म्हणजे एक बाजू तुटलीये, हाच तर फॉल्ट आहे. म्हणजे उत्तर समोर आलं होतं आणि मी त्यालाच बरोबर म्हणत होतो. दुसरा प्रश्न, स्कॅनरवर पी०३०१ हा फॉल्ट कोड आला तर काय करशील? मी म्हटलं स्पार्क प्लग बदलीन. कारण आम्हाला हेच शिकवलेलं, कोड वाचा, पार्ट बदला. तो म्हणाला कोड फक्त सांगतो की एक नंबरच्या सिलेंडरला मिसफायर आहे, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही, प्लग असेल, त्याला ठिणगी देणारी कॉइल असेल, इंजेक्टर असेल, कम्प्रेशन गेलं असेल, आधी एकची कॉइल दोनला लावून बघ, कोड पी०३०२ झाला, म्हणजे बिघाड दोन नंबरला सरकला, तर कॉइल खराब. पाच मिनिटांत त्या माणसाने जेवढं शिकवलं तेवढं वर्षभरात नाही. नोकरी अर्थातच नाही मिळाली.

फी परत मागायला गेलो तर मॅडमनी शांतपणे लॉगबुक उघडून माझ्याच सह्या दाखवल्या. पुढे बोलायला तोंडच नव्हतं. ओरिजिनल मार्कशीट पण त्यांच्याकडे अडकलेल्या, त्या सोडवायला अजून दोन महिने हेलपाटे.

तर त्या पोराला मी म्हटलं, बोलावतील त्या दिवशी जाऊ नकोस, मधल्याच एखाद्या वारी अकरा वाजता न सांगता जा. मान्यता आहे म्हणतात तर कोर्सचं नाव मान्यता देणाऱ्या संस्थेच्याच यादीत शोध, यांच्या भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नकोस. सुरू होणारी इंजिनं किती ते मोज. शिकणाऱ्या पोरांची नखं बघ, खरंच सांगतो, खरं काम करणाऱ्याच्या नखातली काळी रेघ सहज जात नाही. ओरिजिनल कागद दाखव पण देऊ नकोस, रिफंडचं लेखी घे. आणि जे तास झाले नाहीत त्यावर सही करायची नाही, परीक्षेची भीती दाखवली तरी नाही.

काल त्याचा फोन आला. दादा आलोय बघायला, पण शॉपला कुलूप आहे, चावी सरांकडे आहे म्हणतात. मी म्हटलं खिडकीतून बघ काही दिसतंय का. म्हणाला, काचांना आतून पेपर चिकटवलेत.